खालच्या मजल्यावरची भाषा

झुल्मिराच्या स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला, तेव्हा मी मागच्या जिन्यात मळक्या कपड्यांची टोपली घेऊन उभी होते. आमचं घर लाकडी, तीन मजली. अमेरिकेतल्या या फॉल रिव्हर शहरातली निम्मी घरं तशीच. खाली माझ्या नवऱ्याची थोरली बहीण झुल्मिरा, मधे आम्ही, वरच्या मजल्यावर कंबोडियाचं एक भाडेकरू कुटुंब. कपडे धुवायचं मशीन तळघरात असल्यामुळे टोपली घेऊन झुल्मिराच्या दारावरून जावंच लागतं, आणि तिचं दार पातळ आहे.

आवाज दोन होते. एक झुल्मिराचा, त्यात शंका नव्हती. ती कुजबुजली तरी वरच्या कंबोडियन बाळाची झोपमोड होते. दुसरा आवाज एका तरुण बाईचा होता, आणि ती आमच्या भाषेत बोलत होती. नुसती पोर्तुगीज नव्हे, पोर्तुगालच्या आमच्या साओ मिगेल बेटावरची, अर्धे शब्द तोंडातच ठेवणारी. मला वाटलं, गावाकडून कोणी भाची आली असणार आणि या बाईने मला पत्ता लागू दिला नाही. मी टोपली कमरेवर घेतली आणि कान दिला.

ती मुलगी हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्याची नक्कल करत होती. डॉक्टर विचारतो कुठे दुखतं, आणि म्हातारा आधी सुनेबद्दल सांगतो, मग जावयाबद्दल, मग गुडघ्याबद्दल. झुल्मिरा हसून हसून टेबल बडवत होती. "अगं चेटकिणी, पुरे, मला मारशील!" आणि मग त्या मुलीला शिंका आल्या, एकामागोमाग एक, थांबायचं नाव नाही. असं शिंकणारी माणसं या जगात दोनच आहेत. एक माझा नवरा ग्वाल्तेर, आणि दुसरी माझी मुलगी पामेला.

शाळेत जायला लागल्यापासून माझ्या पामेलाने माझ्याशी आमच्या भाषेत एक अख्खं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. तिला सगळं कळतं, हे मला माहीत होतं. पण बोलणं वेगळं, आणि बोलून झुल्मिराला असं हसवणं त्याहून वेगळं.

मी आत जायला हवं होतं. गेले नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि पामेला म्हणाली, "बेंसां, माद्रीन्या."

"देव तुझं भलं करो, पोरी," झुल्मिरा म्हणाली.

कपडे न धुताच मी टोपली घेऊन वर पळाले.

बेंसां म्हणजे आशीर्वाद. आमच्याकडे लहानांनी घराबाहेर पडताना आणि घरात येताना तो मोठ्यांकडे मागायचा असतो. मी पाणी आणायला निघाले तरी आईकडे मागायचे. विमानात बसायला निघाले तेव्हा मागितला, आणि आईने हुंदके देत दिला. माद्रीन्या म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पामेलाला झुल्मिराच्या हातात मीच ठेवलं होतं, तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. हाक गोड आहे, आणि तिच्या आडून पुष्कळ काही बोलता येतं.

माझ्याकडे मात्र आजवर कोणी बेंसां मागितला नव्हता.

आता कोणी म्हणेल, बाई, मग तू मुलीला शिकवलं का नाहीस? तर पामेला पहिलीत असताना तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, मुलीशी घरी इंग्रजीतच बोला, नाहीतर मागे पडेल. मी पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करत होते. मुकादमीण, टीव्हीवरच्या मालिका आणि बसच्या पाट्या, एवढ्यावर शिकलेलं माझं इंग्रजी. जेवढं होतं तेवढं सगळं मुलीला दिलं. पोर मागे पडली नाही, शिकली, हॉस्पिटलच्या ऑफिसात बसायला लागली. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आणि कोणी पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच करीन. झुल्मिरा मात्र इतकी वर्षं या देशात काढून "थँक यू"च्या पुढे गेली नाही. आळस, दुसरं काय? आणि आता त्या आळसाचं बक्षीस तिला मिळत होतं, माझ्या डोक्यावर नव्हे, पायाखाली.

पामेला थोड्या वेळाने वर आली. नदीपलीकडे तिचं स्वतःचं घर आहे, पण कामावरून जाताना डोकावते.

"बस," मी इंग्रजीत म्हणाले. "जेव. सूप आहे."

"भूक नाही, मॉम. खाली माद्रीन्याकडे खाल्लं."

"काय खाल्लं?"

"बटाटे आणि चुरीसो सॉसेज."

माझ्या डोळ्यांसमोर केलच्या पाल्याचं सूप उकळत होतं. "खाली तू बोलते," मी म्हणाले. "पोर्तुगीज. मी ऐकलं."

ती लाजली. छत्तीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरीसारखी लाल झाली. मग तिने सांगितलं. तिच्या हॉस्पिटलात दुभाषाची जागा निघाली होती. आमच्या शहरातल्या हॉस्पिटलच्या फलकावर इंग्रजीच्या खाली पहिली भाषा पोर्तुगीज असते, मग स्पॅनिश, मग कंबोडियाची ख्मेर. जागेसाठी परीक्षा होती. गेलं वर्षभर ती झुल्मिराकडे शिकत होती, परीक्षा पास झाली होती, आणि मागच्या महिन्यात शिकागोला प्रशिक्षणालाही जाऊन आली होती. मला एवढंच ठाऊक होतं की पोर कामासाठी शिकागोला गेली.

"खूप मजा आली, मॉम. सगळ्या देशातून लोक. मिशिगनची एक अरबी बोलणारी, मिनेसोटाचा एक हमोंग, लुइझियानाची व्हिएतनामी, मेनमधला एक जण फ्रेंच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगायचं होतं, तुम्ही भाषा कुणाकडून शिकलात. सगळे म्हणाले, आईकडून. एकजण आजीकडून."

"तू?"

"मी म्हटलं, खालच्या मजल्यावर. सगळे हसले."

मी हसले नाही. "मला का नाही विचारलं?"

"विचारलं होतं. गेल्या नाताळला मी तुला आपल्या भाषेत म्हटलं, टेबल मी मांडते. तू हसलीस आणि इंग्रजीत म्हणालीस, काटे डावीकडे."

"मी नाही हसले."

"हसलीस, मॉम."

हसले असेन. वेडंवाकडं बोलली असेल. मी सुपाचं झाकण असं आपटलं की ती उठून कोट घालायला लागली.

"बटण लाव," मी म्हणाले. "वारा आहे."

त्या महिन्यात मी झुल्मिराशी गोड बोलून अर्धी झाले. मनात मात्र जळत होते. ती जिन्यात भेटली की म्हणे, "कोमाद्रे, पामेलाची जीभ कशी सुटलीय ऐकलंस का?" जशी काही तिनेच पोरीला जन्म दिला. मी म्हणे, "हो ना, उच्चार जरा खेडवळ आहेत, पण चालायचं." ती म्हणे, "तुझ्याच गावचे उच्चार आहेत, कोमाद्रे." आणि मी तोंडात काही तरी पुटपुटत वर निघून जाई.

आणि अशातच पवित्र आत्म्याचा मुकुट आमच्या घरी येणार होता.

ईस्टरनंतरच्या दर रविवारी चांदीचा मुकुट एकेका घरी जातो आणि तिथे आठवडाभर राहतो. कुणाच्या घरी जायचा ते आदल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरतं. कित्येक वर्षं ग्वाल्तेर चिठ्ठी टाकत होता आणि कित्येक वर्षं मी दुसऱ्यांच्या बैठकीत बसून, त्यांच्या पडद्यांची शिलाई बघत, रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणत होते. या वर्षी आमचं नाव निघालं. ग्वाल्तेरने बैठकीत पायऱ्यापायऱ्यांची वेदी बांधली. कारखान्यातून आणून जपून ठेवलेलं पांढरं सॅटिन मी तिच्यावर शिवून चढवलं, दिवे लावले, फुलं रचली. झुल्मिरा बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "छान. वरची पायरी जरा डावीकडे कललीय, पण दिव्यांत दिसायची नाही."

मुकुट घरात असला की रोज संध्याकाळी घरात रोझरी होते. ज्याचं घर, त्या घरची बाई किंवा मुलगी पुढाकार घेते. ती आवे मारिया या मारियामातेच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणते, बाकीचे दुसरा म्हणतात. पण आमच्या गल्लीत कोणाच्याही घरी मुकुट असो, पुढाकार झुल्मिराच घेते. तिचा आवाज मोठा, आणि तिला कोणी नाही म्हणत नाही. आणि मुकुट असलेल्या घराचं दार कोणालाही बंद करता येत नाही. शत्रू आला तरी खुर्ची द्यायची, त्या छपराखाली भांडायचं नाही. तेव्हा तिला वर येऊ न देणं शक्यच नव्हतं.

मग मला युक्ती सुचली.

"या आठवड्यात रोझरी इंग्रजीत," मी ग्वाल्तेरला सांगितलं. "पामेला म्हणेल."

तो दिव्याची वायर लावत होता. त्याने वर बघितलं. "इंग्रजीत? अगं, पवित्र आत्म्याला वाटेल पत्ता चुकला."

"तरुण मुलांना कळायला नको?"

"कोण तरुण? आपल्याकडे येणाऱ्यांत सर्वांत तरुण कार्लोस आहे, त्याला कवळी आहे."

"पामेला आहे."

ग्वाल्तेर मला ओळखून आहे. त्याने खाली जमिनीकडे बोट दाखवलं, म्हणजे झुल्मिराच्या घराकडे, आणि म्हणाला, "हे तिच्यासाठी आहे ना?"

"वायर नीट लाव," मी म्हणाले. "आग लावशील घराला."

सोमवारी संध्याकाळी बैठक भरली. म्हाताऱ्या बाया कोट न काढताच बसल्या. झुल्मिरा काळी जाळीदार शाल घेऊन आली आणि वेदीसमोरच्या पहिल्या खुर्चीत बसली, जपमाळ हातात तयार. मी वाट बघितली. पामेला कामावरून धावत आली तेव्हा आयरिश चर्चमधून आणलेलं इंग्रजी पत्रक मी तिच्या हातात दिलं.

"तू म्हण," मी म्हणाले. "पुढे उभी राहा. इंग्रजीत."

पामेलाने माझ्याकडे बघितलं, मग झुल्मिराकडे. झुल्मिराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो बघून माझ्या जिवाला जे बरं वाटलं ते मी मुकुटासमोरही लपवणार नाही.

पामेलाने सुरुवात केली. पहिला अर्धा भाग इंग्रजीत म्हणाली आणि थांबली. कोणालाच पुढचा भाग इंग्रजीत येत नव्हता. आणि मग सगळ्यांनी, जसं आयुष्यभर म्हणत आले तसं, आमच्या भाषेत उत्तर दिलं. पामेला पुन्हा इंग्रजीत, बैठक पुन्हा पोर्तुगीजमध्ये. असंच चाललं. मी ठरवलं होतं की निदान मी तरी इंग्रजीत म्हणायचं. पण माझं तोंड ऐकेना. ते आईच्या मांडीवर जे शिकलं होतं तेच बोलत राहिलं. माझ्या कानाशी झुल्मिरा बैठक दणाणेल एवढ्या आवाजात म्हणत होती, म्हणून मी तिच्याहून मोठ्याने म्हणायला लागले. शेवटी शेवटी आम्ही दोघी अशा ओरडत होतो की वरच्या भाडेकरणीने जिन्यात येऊन सगळं ठीक आहे का विचारलं.

रोझरी संपली. लोक खुश होते. कार्लोस म्हणाला, असं दोन भाषांतलं त्याने कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच्या नातवाला आणायला हवं. मी फुगले. कॉफी आणायला वळणार, एवढ्यात पामेला पत्रक ठेवून पुढे आली, झुल्मिराच्या खुर्चीपुढे वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बेंसां, माद्रीन्या."

"देव तुझं भलं करो," झुल्मिरा म्हणाली. तिने प्रत्येक शब्द सावकाश उच्चारला.

मग पामेला उभी राहिली, माझ्याकडे बघून हसली, आणि इंग्रजीत म्हणाली, "मॉम, कप कुठे आहेत?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. आधी आईबाप, मग धर्ममाता, हे आमच्यात दुधखुळ्या पोरालाही माहीत असतं. माझ्या घरात, माझ्या मुकुटासमोर, माझ्या मुलीने माझ्याकडे न मागता झुल्मिराकडे आशीर्वाद मागितला. ओलिंदा नावाची एक शेजारीण आहे, ती माझ्या हातावर थोपटून गेली. त्या थोपटण्याने माझा जास्त संताप झाला.

स्वयंपाकघरात मी गोड पाव कापत होते. म्हणजे, फाडत होते. पामेला मागे आली.

"मॉम, मी काय केलं?"

"काही नाही. कप वरच्या फळीवर."

तिने दार लावून घेतलं. मग तिने एक गोष्ट केली जी मी महिनाभर मनातल्या मनात मागत होते. ती माझ्याशी आमच्या भाषेत बोलली. हळू, शब्द जुळवत. "माय, तू रागावलीस. मला सांग. मला कळत नाही म्हणून विचारतेय."

माय. मॉम नव्हे. सांगण्यासारखं इतकं होतं, आणि सगळं आमच्याच भाषेत होतं. मी तोंड उघडलं आणि इंग्रजीत म्हणाले, "पाव घेऊन जा. लोक थांबलेत."

दुसरं काही येईचना. कारखान्यात, दुकानात, झुल्मिराशी, ग्वाल्तेरशी मी दिवसभर आमच्या भाषेत बोलू शकते. पण या एका माणसाच्या तोंडाकडे बघितलं की जीभ आपोआप तिकडे वळते. तिच्या पहिलीपासूनची सवय.

पामेलाने ताट उचललं. "आशीर्वादाचं आहे का?" तिने आता इंग्रजीतच विचारलं. "तो धर्ममातेकडे मागतात ना? माद्रीन्याने मला तसंच शिकवलं."

माझ्या हातातली सुरी थांबली. "आईकडे मागतात," मी म्हणाले. "आधी आई."

"मला कोणी सांगितलं नाही."

ते खरं होतं. ती ताट घेऊन बाहेर गेली.

मंगळवारी सकाळी ग्वाल्तेर पाव आणायला गेला तशी मी मागच्या जिन्याने खाली उतरले. झुल्मिरा टेबलाशी बसून घेवड्याचे दाणे सोलत होती. माझ्याच घरच्या संध्याकाळसाठी सोलत होती, हे बघून मला आणखी राग आला.

"ये कोमाद्रे. कॉफी?"

"कॉफी गेली खड्ड्यात. वर्षभर पोरीला शिकवलंस. म्हाताऱ्यांच्या नकला, शिव्या, बटाट्यांची नावं. आणि आईकडे बेंसां आधी मागायचा, तेवढं विसरलीस?"

"हळू बोल. घरात मुकुट आहे."

"मुकुट दुसऱ्या मजल्यावर आहे. हा पहिला मजला."

झुल्मिराने दाणे बाजूला सारले. मला वाटलं ती नाकबूल करील, शपथा घेईल, आणि मग मी तिला चांगली फैलावर घेईन. ती म्हणाली, "विसरले नाही. सांगितलं नाही."

मी बसले. उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतं.

"तुला सगळं मिळालं," ती म्हणाली. "मला आणि माझ्या नवऱ्याला, मानुएलला, देवाने काही दिलं नाही. मी इथे बसायचे आणि तुझ्या पोरीचे पाय माझ्या छतावर वाजायचे. रांगत होती तेव्हापासून. धावली की माझा दिवा हलायचा. मी मान वर करून बघत बसायचे, आता कुठल्या खोलीत गेली. ती माझ्याकडे बिस्किटाला यायची आणि तू जिन्यातून हाक मारायचीस. इंग्रजीत. की ती पळाली. मग वर तुम्ही दोघी बोलायचात, आणि मला एक अक्षर कळायचं नाही. माझ्याच घरात, माझ्या भावाच्या पोरीचं! मला वाटायचं, तू मुद्दाम करतेस. मला कळू नये म्हणून."

"मुद्दाम?"

"मग काय बोलायचात एवढं? रात्रंदिवस?"

मी हसायला गेले, पण हसू आलं नाही. "कोट घाल," मी म्हणाले. "जेव. लवकर ये. दात घास. शाळेची पिशवी. वारा आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. माझं इंग्रजी तेवढंच आहे, झुल्मिरा."

तिचा विश्वास बसेना. "मन मोकळं करायचात ना? ती तुला तिच्या गोष्टी सांगायची ना?"

"सांगायची. भराभर सांगायची. मला निम्मं कळायचं. मी म्हणायचे, ओके, ओके, जेव."

तिने मान वर करून छताकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं या 'जेव'वर जळत होते?"

"ते तुझं तू बघ," मी म्हणाले. "मी तुझ्या बटाट्यांवर जळतेय."

मी तिच्यासमोरचे दाणे ओढले आणि सोलायला लागले. माफ बिफ कोणी कोणाला केलं नाही. तिने कॉफी ओतली, ती मी प्यायले, आणि ती फार कडू झाली आहे असंही सांगितलं.

संध्याकाळी पामेला मागच्या जिन्याने आली. खाली थांबून आली, हे तिच्या हातातल्या घेवड्याच्या पातेल्यावरून कळलं. झुल्मिरा तिच्यामागे आली आणि पहिल्या खुर्चीत न बसता खिडकीपाशी बसली. ओलिंदाच्या भुवया वर गेल्या. पामेलाला मी पत्रक दिलं नाही. ती उभी राहिली आणि आमच्या भाषेत रोझरी म्हणाली. दोनदा अडखळली. झुल्मिराने ओठ आवळून धरले, पण एकदाही मोठ्याने दुरुस्त केलं नाही. तिच्यासाठी ते उपवासापेक्षा अवघड असणार.

शेवटची प्रार्थना संपली. सगळे उठायच्या आत पामेला माझ्याकडे आली. माझ्या खुर्चीपुढे वाकली. "बेंसां, माय."

पोरीला हे कोणी सांगितलं ते मला ठाऊक होतं. एकच बाई सांगू शकत होती, आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

आणि मी, जिने यासाठी आयुष्य घालवलं, तिने काय म्हणावं? "गॉड ब्लेस यू." इंग्रजीत. शिंक आल्यावर म्हणतात ते.

कार्लोस फिदीफिदी हसला. पामेला हलली नाही. ती तशीच वाकून थांबली, आपल्या बापासारखी हट्टी. तिच्या केसांत एक पांढरा केस होता, तो मी पहिल्यांदा बघितला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मुकुटाकडे बघितलं, आईचा चेहरा आठवला, आणि म्हणाले, "देव तुझं भलं करो, माझ्या लेकी." आवाज माझा नव्हताच, आईचा होता. पण निघाला.

पामेलाने माझा हात धरला आणि सोडेना. तिथेच माझ्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसून राहिली. लोक पाहत होते. मला वाटलं, अशीच बसून राहू दे, अख्ख्या गल्लीने बघू दे, ओलिंदाने नीट बघू दे.

तेवढ्यात माझी नजर खिडकीकडे गेली. झुल्मिरा जपमाळेचे मणी मोजत होती. रोझरी संपली होती, मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिचे डोळे खाली होते, आणि ती कान देऊन ऐकत होती, पाय तिच्याकडे येतात का ते.

मला पामेलाला सोडायचं नव्हतं. खरंच नव्हतं. आणखी थोडा वेळ तिला ठेवून घेतलं असतं तर मुकुटानेही काही म्हटलं नसतं. मी तिच्या कानाशी वाकले.

"जा," मी आमच्या भाषेत म्हणाले, आणि या वेळी जीभ अडली नाही. "तुझी माद्रीन्या तिकडे खिडकीपाशी वाट बघत बसलीय. ताटकळत ठेवू नकोस तिला."

पामेलाने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हसली आणि उठली. ती पहिलीत गेल्यापासून माझ्या लेकीशी आमच्या भाषेत माझ्या मनाने बोललेलं पहिलं अख्खं वाक्य, आणि तेसुद्धा मी झुल्मिरासाठी खर्चून बसले.

मी कप आणायला स्वयंपाकघरात गेले. दार मात्र उघडं ठेवलं, खिडकीपाशी काय बोलतात ते ऐकू यावं म्हणून.